नव्वद दिवसांची गैरहजेरी: परदेशी गेलेल्यांच्या फोन नंबरांचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका बाईंनी आम्हाला गाठलं. त्यांचा मुलगा दोन वर्षांच्या कंत्राटावर आखातात निघाला होता. त्यांनी विचारलं, "सर, त्याचा इथला नंबर प्रीपेड आहे. तो चालू कसा ठेवायचा?" आम्ही म्हटलं, "ताई, आम्ही इतिहास शिकवतो, मोबाइलचं दुकान चालवत नाही." त्या हसल्या. पण घरी जाताना आमच्या लक्षात आलं, की प्रश्न इतिहासाचाच आहे. माणूस दूर गेल्यावर त्याची इथली जागा कोण राखतं, किती दिवस राखतं, आणि त्याचे किती पैसे घेतं, हा तो प्रश्न. म्हणून आजचा विषय.

तळोज्यात हा विषय परका नाही. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला सिडकोच्या इमारती, मध्ये जुनी गावं. आपल्या इमारतींत दर दोन-तीन मजल्यांवर एखादं तरी घर असं सापडतं, की ज्याचा हप्ता जहाजावरच्या किंवा आखातातल्या पगारातून जातो. आणि त्या घरातल्या कपाटात एक जुना, बटणांचा फोन असतो. तो कोणी वापरत नाही, पण त्याला चार्जिंग मात्र नेमानं होतं. त्या फोनपर्यंत आपल्याला आज पोचायचं आहे. सुरुवात जरा मागून करू.

पत्ता घराचा, माणसाचा नव्हे

कोकणातून माणूस बाहेर पडणं ही जुनी गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत चाकरमानी गेला, तसाच बंदरातून खलाशी गेला. रत्नागिरीकडचे खलाशी बी.आय. आणि पी. अँड ओ. कंपन्यांच्या आगबोटींवर पिढ्यान्‌पिढ्या काम करत होते. हा माणूस महिनोन्‌महिने समुद्रावर असायचा. त्याला शोधायचं कसं? शोधायचंच नाही. पत्ता त्याचा नव्हता, घराचा होता. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. तो कुठेही असो, पत्र त्या पत्त्यावर येणार आणि पैसे त्या पत्त्यावर येणार. टपालखात्याची मनीऑर्डर 1880 साली सुरू झाली आणि पुढची शंभर वर्षं कोकणातल्या कितीतरी चुली तिच्यावर पेटल्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे. माणूस वर्षभर फिरकला नाही म्हणून टपालखात्यानं कुणाचा पत्ता दुसऱ्याला दिला, असं कधी झालं नाही. घर बंद असेल तर पोस्टमन शेजारी विचारायचा. शेजारी सांगायचे, "बोटीवर आहे, शिमग्याला येईल." तेवढ्यानं काम भागायचं. गैरहजेरीला साक्षीदार होते.

तार, ट्रंक कॉल आणि पी.पी. नंबर

आवाज समुद्रापार जायला वेळ लागला. त्यातही आपल्या महाराष्ट्राचा वाटा आहे. 1927 च्या जुलैत इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातली बिनतारी तारसेवा सुरू झाली, तिची केंद्रं होती खडकी आणि दौंड. 1933 मध्ये बिनतारी टेलिफोन आला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यात आर्वी इथं उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं, त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं. 1976 मध्ये मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय झाली.

पण घरात फोन होता किती जणांच्या? मुंबईत पहिलं टेलिफोन एक्स्चेंज 1882 सालचं, तरी शंभर वर्षांनंतरही मध्यमवर्गीय माणूस फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघत होता. 1973 नंतर तेलाचा पैसा वाढला, आपली माणसं दुबई, मस्कत, कुवेत, बाहरीनला गेली. त्यांनी घरी फोन करायचा तो पी.पी. नंबरवर. तरुण मंडळींना ठाऊक नसेल. लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे कंसात 'पी.पी.' छापलेलं असायचं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, माणूस आमचा. दुबईहून फोन आला की वाण्याच्या दुकानातून पोरगं धावत यायचं. तोवर मिनिटं चालू, पैसे चालू. पाच मिनिटांतली दोन तर चपला शोधण्यात जायची.

ज्यांच्या घरी फोन होता, त्यांना टेलिफोन खात्याची एक सवलत होती आणि आजच्या विषयाची ती किल्ली आहे. लांबच्या गावी जायचं असेल तर अर्ज करून फोन 'सेफ कस्टडी'त ठेवता यायचा. फोन तेवढ्यापुरता बंद, पण नंबर तुमच्या नावावर राखलेला. परत आलात की अर्ज द्या, नंबर परत. सरकारी खातं धीमं होतं, लाइनमन दिवाळी मागायचा, सगळं कबूल. पण त्या खात्याच्या शब्दकोशात 'बाहेरगावी गेलेला ग्राहक' हा शब्द होता.

मुदतीचा जन्म

31 जुलै 1995. कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलून सेवेची सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच आल्या. मिनिटाला 16 रुपयांच्या घरात दर, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे. तेव्हा मोबाइल बिल्डरकडे किंवा डॉक्टरकडे असायचा.

नव्वदच्या दशकाअखेर प्रीपेड आलं. प्रीपेडनं दोन गोष्टी केल्या. पहिली चांगली: बिलाचा पत्ता, पगाराचा दाखला, अनामत काहीच नको, त्यामुळे रिक्षावाला, मोलकरीण, एमआयडीसीतला हंगामी कामगार, सगळ्यांच्या हातात फोन आला. 2003 पासून येणारे कॉल फुकट झाले आणि मग तर पूरच आला. दुसरी गोष्ट आपण तेव्हा नीट पाहिली नाही. प्रीपेडसोबत 'व्हॅलिडिटी' आली. नंबराला मुदत लागली. दुधाच्या पिशवीवर असते तशी.

2005 च्या अखेरीस कंपन्यांनी 'लाइफटाइम' योजना काढल्या. 999 रुपये भरा, आयुष्यभर येणारे कॉल चालू. परदेशी जाणाऱ्यांनी त्या हौसेनं घेतल्या. पण हे आयुष्य कुणाचं? ग्राहकाचं नव्हे. 'लाइफटाइम' म्हणजे कंपनीच्या परवान्याचं आयुष्य. शिवाय सहा महिन्यांत ठरावीक रकमेचं रिचार्ज करायला हवं, अशी अटही बारीक अक्षरात असायची.

परवान्याचं आयुष्य संपतं म्हणजे काय, हे मुंबईकरांनी 2014 मध्ये पाहिलं. बीपीएलची पुढे लूप मोबाइल झाली होती. तिच्या परवान्याची मुदत 29 नोव्हेंबर 2014 ला संपली आणि सेवा बंद झाली. ग्राहकांनी नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा होता. त्यासाठी 1900 वर मेसेज पाठवायचा, कोड घ्यायचा, नव्या दुकानात जाऊन कागद द्यायचे. इथं असणाऱ्याला हा अर्ध्या दिवसाचा उद्योग. पण जो माणूस त्या महिन्यात जहाजावर होता, त्यानं काय करायचं? 2017 च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद झाली, 2018 मध्ये एअरसेल बुडाली, तेव्हाही तेच. उलट मॅक्सटचचं बघा: मॅक्सटच, मग ऑरेंज, मग हच, मग व्होडाफोन, आणि 2020 पासून व्हीआय. नाव चार वेळा बदललं, पण 98200 नं सुरू होणारे नंबर आजही खणखणतात. तेव्हा नंबर टिकणं हे निम्मं आपल्या हातात आणि निम्मं कंपनीच्या नशिबात, हा पहिला धडा.

नंबर म्हणजे सही

आत्तापर्यंत नंबर गेला तर काय गेलं? मित्रमंडळी तुटली, वहीतले नंबर बदलावे लागले. त्रास होता, पण आपत्ती नव्हती. आपत्ती 2009 नंतर सुरू झाली.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2009 पासून कार्डानं इंटरनेटवर पैसे भरताना एक जादा खात्री सक्तीची केली. हेतू चांगला होता, चोऱ्या थांबवायच्या होत्या. त्या खात्रीचं सगळ्यात सोपं रूप ठरलं ओटीपी. पुढच्याच वर्षी, 29 सप्टेंबर 2010 ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना देशातलं पहिलं आधार मिळालं. हळूहळू आधार, पॅन, बँक, भविष्यनिर्वाह निधी, विमा, सात-बारा, सगळं त्या दहा आकड्यांना बांधलं गेलं. पूर्वी सही जुळली नाही तर बँक पैसे देत नसे. आता ओटीपी आला नाही तर देत नाही. म्हणजे नंबर ही सही झाली. फरक एवढाच, की सही आपल्या हातात असते आणि नंबर भाड्यानं घेतलेला असतो.

नंबर आपल्या मालकीचा नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. तो सरकारच्या क्रमांक-योजनेतला एक आकडा. कंपनीला वापरायला दिलेला, कंपनीनं आपल्याला वापरायला दिलेला. भाडेकरूचाही भाडेकरू म्हणा.

वीस रुपयांचा नियम

आता 2013 कडे येऊ. या वर्षी दोन गोष्टी घडल्या. जुलैत देशातली तारसेवा कायमची बंद झाली, त्याच्या बातम्या पहिल्या पानावर आल्या, लोकांनी रांगा लावून शेवटच्या तारा पाठवल्या. त्याच वर्षी मार्चपासून 'ट्राय'चा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, एक नियम लागू झाला. त्यासाठी कुणी रांग लावली नाही.

नियम असा: प्रीपेड नंबर वापराअभावी 90 दिवसांच्या आत बंद करता येणार नाही. 90 दिवस वापर नसला, पण खात्यात 20 रुपये किंवा जास्त शिल्लक असेल, तरी तो बंद करता येणार नाही. 20 रुपये कापायचे आणि 30 दिवस वाढवायचे. शिल्लक आहे तोवर हे चालू. आणि बंद झालाच तर 15 दिवसांची सवलत, तेवढ्यात ग्राहकानं यावं आणि नंबर परत चालू करून घ्यावा. पोस्टपेडवाल्यांसाठी 'सेफ कस्टडी' हा जुना शब्दही त्या नियमांत आला.

आम्हाला हा नियम महत्त्वाचा वाटतो. खाजगी मोबाइलच्या काळात प्रथमच कुणीतरी गैरहजर माणसाचा विचार केला. महिन्याला 20 म्हणजे वर्षाला साधारण 240 रुपये, एवढ्यात तुमची जागा राखलेली.

पण 'वापर' म्हणजे काय, हे नीट वाचायला हवं. कॉल केला किंवा घेतला, मेसेज पाठवला, इंटरनेट वापरलं, तर वापर. मेसेज आला, तर तो वापर नाही. म्हणजे बँकेचे पन्नास ओटीपी त्या फोनवर आले, तरी नियमाच्या दृष्टीनं फोन निजलेलाच! परदेशी गेलेल्याचा नंबर तर याच एका कामासाठी जिवंत असतो. ज्या कामासाठी तो ठेवला, तेच काम मोजणीत नाही.

आणि 90 दिवस हा आकडा तरी कुणाच्या हिशोबाचा? जहाजावरचं कंत्राट सहा ते नऊ महिन्यांचं, आखातातलं दोन वर्षांचं. आपल्या शेजारी तळोज्याचं कारागृह आहे. तिथं खटल्याची वाट बघणाऱ्याचे महिने वेगळेच. नियमाला या सगळ्यांतला फरक कळत नाही. त्याला एवढंच दिसतं, की वापर नाही.

कपाटातला फोन

आता घरची गोष्ट. आमचे मामा व्यापारी जहाजावर फिटर होते. मामी इथंच तळोज्यात राहत. जून 2019 मध्ये मामा गेले, नऊ महिन्यांचं कंत्राट. त्यांचं इथलं सिम एका जुन्या फोनमध्ये घालून कपाटात ठेवलं. दर रविवारी मामी तो चार्ज करायच्या. मामांना पैशांचं काही करायचं असलं की ते व्हॉट्सॲपवर कळवायचे, मामी चष्मा लावून कपाट उघडायच्या आणि सहा आकडे वाचून दाखवायच्या. दोघांचा संसार त्या सहा आकड्यांवर चालला होता, असं मामी चेष्टेनं म्हणायच्या.

इथं मधली एक गोष्ट सांगायला हवी. 2018 च्या अखेरीस मोठ्या खाजगी कंपन्यांनी किमान रिचार्ज आणलं. शिल्लक असो-नसो, दर 28 दिवसांनी ठरावीक पॅक मारलाच पाहिजे, नाहीतर आधी जाणारे आणि मग येणारे कॉल बंद. 'ट्राय'नं तेव्हा कंपन्यांना सांगितलं, की ज्यांची शिल्लक आहे त्यांना असं तोडू नका. पण रिवाज पडला तो पडलाच. नंबर तुमच्या नावावर असणं वेगळं आणि त्यावर सेवा चालू असणं वेगळं, ही फोड तिथून सुरू झाली. वीस रुपयांचा नियम फार तर नंबर राखतो. ओटीपी यायला पॅक लागतो.

मामी दर 28 दिवसांनी खालच्या दुकानात जाऊन रिचार्ज करायच्या. मार्च 2020 मध्ये मामा उतरायचे होते. 23 मार्चपासून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. जगभर बंदरांनी खलाशांना उतरू देणं थांबवलं. मामांचं जहाज एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जात राहिलं. इथं दुकान बंद. मामींना ऑनलाइन रिचार्ज येत नव्हतं, आणि आम्ही पनवेलला, अडकलेलो. मार्चअखेर 'ट्राय'नं कंपन्यांना मुदत वाढवायला सांगितलं, कंपन्यांनी काही ग्राहकांना एप्रिलच्या मध्यापर्यंत वाढवूनही दिली. मामी समजल्या, की आता काळजी नाही. आम्हीही समजलो.

जुलैत मामींच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. मामांच्या नावावर ठेव होती, ती मोडायची. कपाट उघडलं. फोन चार्ज होता. पडद्यावर मात्र सिम नोंदलेलं नाही, एवढंच. रविवारच्या रविवार चार्ज केलेला फोन, आणि आत काही नाही. मामी म्हणाल्या, "अरे, बॅटरी तर पूर्ण आहे." त्यांना हे समजावून सांगणं आम्हाला जमलं नाही.

ऑपरेशन झालं. पैसे आम्ही भावंडांनी उभे केले, ते अवघड नव्हतं. अवघड होतं ते मामांचं. ठेव त्यांची, बायको त्यांची, आणि जहाजाच्या डेकवर उभं राहून ते आपलेच पैसे मागू शकत नव्हते, कारण ते स्वतः ते आहेत हे सांगणारा आकडा आता त्यांचा नव्हता. सप्टेंबरात ते परतले. क्वारंटाइन संपल्यावर बँकेत स्वतः जाऊन नंबर बदलला. आधारचा नंबर बदलायला केंद्रावर बोटांचे ठसे दिले. नंतर एकदा त्यांनी जुन्या नंबरावर फोन लावला. एका तरुण मुलीनं उचलला. ती फार चांगलं बोलली. म्हणाली, "काका, तुमच्या बँकेचे मेसेज अजून येतात मला. मी पुसून टाकते." मामांनी आभार मानले आणि फोन ठेवला. ती प्रामाणिक होती, हे आमचं नशीब. व्यवस्था नशिबावर चालू नये.

दुसऱ्या हाती गेलेला नंबर

असे प्रसंग इतके वाढले, की विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायालयापुढे 'ट्राय'नं सांगितलं, की बंद केलेला नंबर किमान 90 दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही. न्यायालयानं ते नोंदवून घेतलं आणि आपली जुनी माहिती नव्या ग्राहकाच्या हाती लागू नये याची काळजी आधीच्या ग्राहकानं घ्यावी, असं म्हटलं. कायद्याच्या दृष्टीनं ठीक. पण जो जहाजावर आहे, त्याला नंबर गेल्याचं कळवणार कोण? कळवायचा मेसेजही त्याच नंबरावर जाणार! 1 एप्रिल 2025 पासून यूपीआय चालवणाऱ्या बँकांना बंद झालेल्या नंबरांची यादी दर आठवड्याला तपासून नोंदी सुधारणं भाग पडलं. त्यानं चोऱ्यांना आळा बसेल. पण ती व्यवस्था आकडा स्वच्छ करते, माणूस शोधत नाही.

हे फक्त आपल्याकडेच, असं नाही. आखातातून कायमचे परतलेले लोक तिकडचा नंबर राखू बघतात, कारण तिकडच्या बँकेत काही येणं अडकलेलं असतं. अमिरातीत 2012 पासून नंबर ओळखपत्राला जोडले गेले. व्हिसा रद्द, ओळखपत्र संपलं, की नंबरही जातो. ब्रिटनमध्ये काही प्रीपेड सेवांना सहा महिन्यांतून एकदा वापर पुरतो. अमेरिकेत सोडलेला नंबर किमान 45 दिवस बाजूला ठेवावा लागतो, आणि 2021 पासून दुसऱ्याकडे गेलेल्या नंबरांची राष्ट्रीय नोंदही आहे. प्रत्येक देशानं गैरहजेरीची आपापली मुदत ठरवली आहे. आपल्या मुदतीपेक्षा चांगल्याही आहेत आणि वाईटही.

आपल्याकडेही काही सुधारलं. जानेवारी 2023 मध्ये दहा देशांतल्या भारतीयांना तिकडच्याच नंबरावर, अनिवासी खात्यांसाठी, यूपीआय वापरायची वाट मोकळी झाली. त्यात अमिराती, सौदी, कतार, ओमान, सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन आहेत. कुवेत आणि बाहरीन त्या पहिल्या यादीत नव्हते. आणि जहाज तर कुठल्याच देशात नसतं. डिसेंबर 2024 मध्ये 'ट्राय'नं फक्त बोलणं आणि मेसेज यांचे वेगळे पॅक सक्तीचे केले आणि अशा पॅकची कमाल मुदत 90 वरून 365 दिवस केली. वर्षभर कपाटात राहणाऱ्या नंबरासाठी ही मोठी सोय. पण किंमत बघा. एअरटेलचा 28 दिवसांचा किमान पॅक 2018 मध्ये 35 रुपये होता, 2021 अखेर 99, जुलै 2024 मध्ये 199. वर्षाचे तेरा पॅक म्हणजे 2587 रुपये. आणि नियमातले वीस-वीस रुपये? 240. या दोन आकड्यांमधलं जे अंतर आहे, ते दूर गेलेल्या माणसाच्या गरजेचं भाडं आहे.

त्या ताईंना उत्तर

आता त्या ताईंना उत्तर द्यायलाच हवं. मुलगा निघायच्या आधी पाच गोष्टी करा.

एक, 28 दिवसांच्या फेऱ्यात पडू नका, वर्षभराच्या मुदतीचा पॅक घ्या आणि संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, गॅसच्या नोंदीशेजारी. दोन, सिम तो नेणार असेल तर आंतरराष्ट्रीय रोमिंग इथं असतानाच चालू करून घ्या. तीन, सिम घरी राहणार असेल तर नुसतं चार्ज करू नका, महिन्यातून एकदा त्यावरून कुणाला तरी फोन लावा. मावशीला लावा, तीही खूश होईल. चार, बँकेत ईमेल नोंदवा, तो अनिवासी होणार असेल तर खातं तसं करून घ्या आणि तिकडचा नंबर देता येतो का ते विचारा. पाच, एक तरी खातं दोघांच्या नावावर ठेवा, दुसऱ्याच्या स्वतंत्र नंबरासह. आमच्या मामींकडे तेवढं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

हे झालं घरापुरतं. पण इतिहास शिकवणाऱ्यानं एवढ्यावर थांबू नये. दोन मागण्या साध्या आहेत. आलेला ओटीपी हा वापर धरावा. आणि जो 'मी इतके महिने बाहेर आहे' असं आधी कळवून, माफक पैसे भरून जातो, त्याचा प्रीपेड नंबर परत येईपर्यंत राखावा आणि त्यावर मेसेज येऊ द्यावेत. यात नवं काही नाही. टेलिफोन खात्याच्या जुन्या अर्जात हे होतं. त्याआधी पोस्टमनलाही ते माहीत होतं.

मामा आता निवृत्त झाले आहेत. नवा नंबर आहे, तो रोज खिशात असतो. कपाटातला जुना फोन मामींनी अजून टाकलेला नाही. रविवारी चार्जिंगला लावायची सवय सुटायला, म्हणाल्या, वर्ष गेलं.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. ताई आल्या आहेत का आज? आल्या असतील तर पहिला प्रश्न त्यांचा.